पाकिटातला पहिला फोटो

"जरा उजवीकडं सरका. ताई, बाळाचं तोंड हिकडं करा. हां, आता हलायचं न्हाई."

आबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, लाल बटण दाबलं आणि डावा हात कॅमेऱ्याच्या तोंडाखाली पसरून उभे राहिले. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या कमानीत सांगलीकडचं एक कुटुंब ओळीनं उभं होतं. नवरा, बायको, सासू आणि बायकोच्या कडेवर कानटोपी घातलेलं बाळ. सगळे हसरे चेहरे करून थांबले. आबाही थांबले. कॅमेऱ्यातून काहीच आलं नाही.

"झाला का हो काका?" नवऱ्यानं विचारलं.

"झाला. येतोय. थांबा."

"कुठं येतोय?"

"ह्यातनं. हितल्या हितं हातात देतो की तुमच्या."

मी पलीकडे दगडावर पिशवी घेऊन बसले होते. उठले, त्या माणसाजवळ गेले आणि हळूच सांगितलं, "त्यात फिल्म नाही हो. ते विसरतात. तुम्ही निघा."

तो भला माणूस होता. आबांना नमस्कार करून निघाला. सासूबाई मात्र जाईपर्यंत मागं वळून वळून बघत होत्या. आबा तसेच उभे होते, हात पसरून. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा भीक मागतोय. ते मला बघवत नसे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आबाही राहिले नाहीत. दौलत चौगुले हे नाव पन्हाळ्यावर आज कुणाला सांगून उपयोग नाही, पण 'हातात फोटो देणारे चौगुले' म्हटलं की जुने टपरीवाले अजून ओळखतात. गडावर फोटो काढणारे पुष्कळ होते. ते फोटो काढायचे, पत्ता लिहून घ्यायचे आणि महिनाभरानं पोस्टानं पाठवायचे. आबांकडे घडीचा पोलरॉइड कॅमेरा होता, गोव्यात एका गोऱ्याकडून घेतलेला. बंद केला की जेवणाच्या डब्यासारखा चपटा. बटण दाबलं की घरघर करून त्याच्या तोंडातून फोटो बाहेर. नवी जोडपी तर आबांना शोधत यायची.

मग मोबाइल आले, आणि पुढं त्या फिल्मच निघायच्या बंद झाल्या. आबांनी कॅमेरा कपाटात ठेवला. आई गेली. त्यानंतर आबांची आठवण हळूहळू उलट्या पावलांनी मागं जायला लागली. आधी कालचं गेलं, मग गेल्या वर्षीचं, आणि एका सकाळी बघते तर आबा कॅमेरा पुसून, बंडीवर कोट चढवून दारात उभे. "सीझन हाय. चलतो," म्हणाले. तेव्हापासून ते रोज निघायचे आणि मी मागून निघायचे. माझा शिवणक्लास मी दुपारवर नेला. माझं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरात आम्ही दोघंच.

दोघं म्हणायचं एवढंच. कारण त्या पावसाळ्यात आबांनी मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली.

"बाई, भाकरी चांगली झालीया," ते जेवताना म्हणायचे. "तुम्ही कुटल्या?"

"इथलीच."

"आमची सिंधी बी हितलीच. माझी पोरगी. शिवणकामात लई हुशार. पण येत न्हाई बगा. बापाला भेटायला सवड न्हाई तिला."

सुरुवातीला मी सांगून बघितलं. ताटावरच त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आबा, मीच सिंधू." त्यांनी हात झटकला. घाबरले होते. मग रागानं म्हणाले, "असली चेष्टा करू नका बाई. वयाला शोभत न्हाई." आणि अर्ध्या भाकरीवरून उठले. त्यानंतर मी सांगणं सोडलं. मोबाइलमध्ये माझा फोटो काढून दाखवला, तर म्हणाले, "त्यो टीव्ही बंद करा, डोळं दुखत्यात."

दिवसभर एका माणसाची अंघोळ, जेवण, औषध बघायचं आणि त्यानंच संध्याकाळी विचारायचं, तुमच्या पगाराचं कुणी बघतं का न्हाई? मी रडूबाई नाही. क्लासातल्या पोरी मला टरकून असत. पण त्या दिवसांत मशीनवर बसले की टाका सोडून भलतीकडंच बघत राहायचे. मला फार काही नको होतं. आबांनी मला एकदा सिंधी म्हणून ओळखावं. एकदाच. मग पुन्हा विसरले असते तरी माझी तक्रार नव्हती.

आणि एक गोष्ट मी पाहिली होती. कॅमेरा हातात असला की आबा शहाणे असत. ऊन कुठून येतंय, माणसानं किती लांब उभं राहायचं, चष्म्यावर चमक आली तर मान किती वळवायची, सगळं बरोबर. फक्त शेवटी फोटो येत नसे, आणि तिथं त्यांचा धागा तुटायचा. माझ्या मनानं घेतलं, त्यातून एकदा खरा फोटो आला, आणि तो माझा असला, तर हा माणूस घटकाभर तरी परत येईल. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "करून बघा. नुकसान काही नाही." डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला.

कोल्हापुरात मी दुकानं पालथी घातली. एकानं मला साध्या कॅमेऱ्याचा रोल दाखवला. दुसऱ्यानं बाहेर बसलेल्या मित्राला हाक मारून सांगितलं, "ए, ह्या मावशींना पोलरॉइडची फिल्म पाहिजे," आणि दोघं हसले. तिसरे एक म्हातारे दुकानदार होते, त्यांनी माळ्यावरून धूळ खाल्लेलं एक पाकीट काढून दिलं. मुदत कधीच संपलेली होती. मी ते छातीशी धरून एसटीनं गडावर आणलं. आबांनी घातलं, बटण दाबलं. घरघर नाही, काही नाही. नंतर कळलं की या कॅमेऱ्याचा सेल फिल्मच्या पाकिटातच असतो. पाकीट मेलं की कॅमेराही मेला. आबांनी हात पसरला आणि उभे राहिले, आणि मला म्हणाले, "थांबा बाई, येईल."

त्याच दुकानदारांनी मला पुण्याचा एक नंबर दिला. अवधूत हळबे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, जुने कॅमेरे जमवायचे. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "बघायला येणार आहात की खरंच हवंय?" शेजारच्या काकूंना आबांपाशी बसवून मी पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेले.

"चपला बाहेर. पिशवीसुद्धा बाहेरच ठेवा," हळब्यांनी दार उघडून सांगितलं. खोलीत भिंतभर कपाटं आणि कपाटांत कॅमेरेच कॅमेरे. बसायला एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकले.

"कॅमेरा आणलाय?"

"नाही. ते हातातून सोडत नाहीत."

"मग मी बघू काय?"

मी मोबाइलवर कॅमेऱ्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून बघितला.

"हा होय. उत्तम आहे. पण याला सत्तर नंबरची फिल्म लागते, ती माझ्याकडे नाही. हॉलंडमध्ये काही मंडळींनी आता असल्या फिल्म परत बनवायला घेतल्यात, भाचा येताना आणतो. आत्ता माझ्याकडे आहे ती ही, सहाशे नंबरची."

"ती नाही चालत?"

"बसत नाही. आणि बसवली तरी फोटो पांढराफटक येतो, कारण ही फिल्म उजेडाला सत्तरच्या चौपट हावरट. म्हणून तर पाकिटाला खाली हे प्लॅस्टिकचे दाणे ठेवलेत, बघा. चुकून कुणी घालू नये म्हणून."

माझा चेहरा पडला असावा.

"लगेच तोंड पाडू नका," हळबे म्हणाले. "आपण चुकून घालायचं नाही. मुद्दाम घालायचं. दाणे तासून टाकायचे. भिंगावर काळसर चकती लावायची, म्हणजे उजेड कमी. जमेल?"

"मी शिवणकाम शिकवते. तासणं, कापणं, चिकटवणं जमेल."

"मग सोपं आहे." त्यांनी एका कपाटातून काळसर प्लॅस्टिकचा तुकडा काढला, कात्री शोधायला लागले, आणि पाठमोरे असतानाच विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी? कुणाचं लग्नबिग्न आहे का?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. बाई म्हणतात ते, पगाराचं विचारतात ते. इतके दिवस शेजारच्या काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि इथं चपला बाहेर काढायला लावणाऱ्या परक्या माणसाला सांगत बसले.

हळब्यांनी चकती गोल कापली, कागदात गुंडाळली.

"मला मुलगा आहे," मग म्हणाले. "मला ओळखतो. रविवारी फोनवर ओळखतो."

चहा त्यांनी स्वतः केला आणि फार गोड केला. पैशाचं नंतर बघू म्हणाले, आणि नंतर कधी त्यांनी विषय काढला नाही, मलाही काढू दिला नाही. निघताना दारात पुन्हा बजावलं, "आठ फोटो आहेत. माझ्याकडचं हे शेवटचं पाकीट. आणि एक लक्षात ठेवा. ही नवी फिल्म जुन्यासारखी नाही. फोटो बाहेर आला की लगेच झाकायचा. उजेड लागला की गेला. अर्धा तास अंधारात, उबेत ठेवायचा. हातात धरून गंमत बघत बसायचं नाही, वडिलांना सांगा."

वडिलांना काय सांगणार, कप्पाळ. आबांचा सगळा धंदा त्या गमतीवर चालायचा, असंच मला आठवत होतं. गाडीत बसून मी विचार करत आले आणि घरी येऊन काळ्या अस्तराचं एक झापड शिवलं, कॅमेऱ्याच्या तोंडावर लोंबेल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर धुकं होतं आणि बोचरा वारा. मी दाणे तासून ठेवले होते. चकती भिंगावर बसवली. आबा कोट घालून आले, कॅमेरा हातात घेतला आणि झापड बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय धडपं बांदलंय?"

"उजेड लागू नये म्हणून. फोटो झाकायला."

"मी काय आज फोटू काढतोय व्हय? गडावरचा वारा हाय बाई. थंडीत फोटू उगवतच न्हाई. त्यो बंडीत घालावा लागतो." त्यांनी झापड ओढून काढलं आणि मला परत दिलं. मग माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "नवं हाय?"

"नवं आहे."

त्यांनी पाकीट घेतलं, कॅमेऱ्याचं झाकण खाली पाडलं, पाकीट सरकवलं. जरा अडलं, त्यांनी बोटानं दाबलं, बसलं. झाकण लावताच घरघर झाली आणि कॅमेऱ्याच्या तोंडातून वरचा काळा पुठ्ठा बाहेर आला. तो आवाज घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता. आबांनी पुठ्ठा कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

तीन दरवाजाशी आलो तोवर धुकं विरत चाललं होतं. मी कमानीच्या बाजूला, चांगलं ऊन बघून उभी राहिले. पदर सारखा केला. बावन्न वर्षांची बाई, पण पहिल्यांदाच फोटोला उभी राहिल्यासारखी ताठ झाले.

"काढा, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तुमचा मागनं. पाकीट नवं हाय. पहिला फोटू घरचा असतो."

हे माझ्या ध्यानातूनच गेलं होतं. आबांची रीत होती ती. नवं पाकीट घातलं की पहिला फोटो गिऱ्हाइकाचा काढायचा नाही, घरच्या माणसाचा काढायचा, मग धंदा. आई म्हणायची, एवढी महागाची फिल्म आणि माझ्या तोंडावर कशाला वाया घालवता. म्हणून मग दर वेळी मलाच उभं करायचे. शाळेच्या गणवेशात, तेल लावलेल्या वेण्यांत, एकदा तर गालफुगीनं सुजलेल्या तोंडानं. आईनं ते फोटो पैपाहुण्यांत वाटून टाकले.

"सिंधीला बोलवा," आबा म्हणाले.

मी त्यांच्यासमोर चार हातांवर उभी होते.

"ती कामाला गेलीय," मी म्हटलं.

"मग थांबू."

ते पायरीवर बसले, कॅमेरा मांडीवर. मी त्यांच्याजवळ बसले. लोक येत होते, जात होते. कॉलेजच्या मुलींचा एक घोळका आला. एकीनं ओरडूनच विचारलं, "अय्या, हा चालू आहे? आजोबा, आमचा काढा ना!" आबा म्हणाले, "काडतो. माझी पोरगी येऊ दे." मुली थोडा वेळ थांबल्या, एकमेकींकडे बघितलं आणि गेल्या. ऊन डोक्यावर आलं. मी डबा उघडला, तो त्यांनी परत झाकला. म्हणाले, "सिंधी आली की जेवू."

मला राग आला. त्या सिंधीचाच राग आला. कोण ही टवळी, जिच्यासाठी हा माणूस उपाशी बसलाय, आणि ही येत नाही? मी उठून तटापर्यंत गेले, जरा वारा खाल्ला, डोळे पुसले आणि परत आले.

"सिंधूनंच निरोप दिलाय," मी म्हटलं. "तिला यायला उशीर होईल. म्हणाली, माझ्या जागी तुम्ही उभ्या राहा."

आबांनी विचार केला. "पण घरचं माणूस लागतं."

"मी घरातच असते की."

"सैपाक तुम्हीच करता न्हवं?"

"मीच करते."

"माझी धोतरं?"

"मीच धुते."

"मग चालंल," आबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

आणि मग ते खरोखर चौगुले फोटोवाले झाले. मला कमानीपासून दूर नेलं, म्हणाले, हितं सावली चेहऱ्यावर पडती. तटाजवळ उभं केलं. दोन पावलं मागं गेले, कॅमेऱ्याचं चाक फिरवलं, पुन्हा अर्धं पाऊल पुढं आले. "हनुवटी वर. खांदा सैल सोडा. असं जिवावर आल्यागत उभं राहू नका, कुणी मारतंय का तुमास्नी?" मी हसले. "हां," आबा म्हणाले आणि बटण दाबलं.

घरघर झाली. फोटो बाहेर आला. त्यांच्या पसरलेल्या हातात आला. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांनी तो पालथा केला, कोटाची बटणं काढली आणि बंडीच्या आत पोटाशी सरकवला. हळब्यांनी सांगितलेलं सगळं झालं होतं, अंधार आणि ऊब.

आम्ही पायरीवर बसलो. आबा एका हातानं कोट पोटाशी दाबून बसले होते. मधेच म्हणाले, "उगवतोय." मी बघायचा हट्ट केला तर म्हणाले, "घाई केली की बिघडतो. गप बसा." वारा सुटला होता. मला वाटत होतं, त्यांनी तो कधीच काढू नये. कारण तो काढेपर्यंत सगळं होण्यासारखं होतं.

शेवटी त्यांनी बंडीत हात घातला, फोटो काढला आणि ओंजळीत धरून बघितला. एकटक बघत राहिले.

"सिंधी," ते म्हणाले.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "होय आबा. मीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फोटोकडे. मग माझ्या हाताखालून आपला गुडघा हळूच बाजूला घेतला, वाईट वाटू नये अशा बेतानं.

"बगा बाई," ते मला म्हणाले आणि फोटो माझ्यासमोर धरला, हातात दिला नाही. "ही आमची सिंधी. आली बगा शेवटी."

फोटो थोडा निळसर आला होता. तटाची भिंत, मागे दरी आणि पुढं मी, हसणारी. माझी हनुवटी, आईची होती तशी. डोक्यावर पांढरे केस.

"किती वाळली ही," आबा म्हणाले. त्यांनी फोटो पुन्हा स्वतःकडे वळवला. "केस पांढरं झालं की पोरीचं. हिला कुणी बगत न्हाई का हो? नवरा बरा न्हवता तिचा. मी तवाच म्हटलं हुतं, परत ये म्हणून. आली का न्हाई ठावं न्हाई."

"आली," मी म्हटलं. "परत आली ती."

"जेवती का?"

"जेवते."

"एकटीच असती?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो. एकटीच असते."

आबांनी फोटोवरून अंगठा फिरवला, जसं एखाद्याच्या गालावरून फिरवतात. डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी होतं ते. मी शेजारी बसून ते बघत होते, आणि त्यातलं मला काही मिळत नव्हतं. कागदावरची मी त्यांना लगेच ओळखू आले. शेजारी बसलेली नाही.

"तिला सांगा," ते म्हणाले. "म्हणावं, बाप रागावला न्हाई. येऊन जा म्हणावं."

"सांगते."

त्यांनी फोटो परत बंडीत ठेवला. मग कामाचा माणूस जागा झाल्यासारखे कॅमेरा घेऊन उठले. "तुमचा र्‍हायला की. सिंधीचाच आला मधी. चला, उभ्या र्‍हावा."

त्यांनी मला पुन्हा त्याच जागी उभं केलं. पुन्हा हनुवटी वर, पुन्हा खांदा सैल. या वेळी मी हसले नाही, तरी त्यांनी बटण दाबलं. पुन्हा पायरी, पुन्हा बंडी. काढून बघितला आणि लहान पोरासारखे खूष झाले.

"परत तीच! आज दोनदा आली." मग माझ्याकडे बघून ओशाळले. "तुमचा काय येईना बगा, बाई. कशामुळं कळत न्हाई. आणि एक काडू का?"

"राहू द्या, आबा."

त्यांनी कॅमेरा खाली केला. अगदी सौम्यपणे, पोटातलं काही सांगावं तसं म्हणाले, "मला आबा म्हणू नगासा. राग मानू नका. पण तसं फक्त ती म्हणती."

ऊन उतरलं होतं. कमानीजवळचा कणसंवाला शेगडी विझवत होता. पाकिटात फोटो शिल्लक होते, पण मला पुन्हा उभं राहायची ताकद नव्हती.

"बरं, फोटोवाले," मी म्हटलं. "घरी चला आता. सिंधू आली असेल."

हे मी का बोलले, मला ठाऊक नाही. त्यांना उठवायला दुसरं काही सुचलं नाही. पण आबा तटकन उठले. कॅमेऱ्याची घडी घातली, काखेत मारली आणि वाटेला लागले. एरवी मला त्यांचा हात धरून चालवावं लागे. त्या दिवशी ते पुढं आणि मी मागं. वाटेत एकदाच थांबून त्यांनी विचारलं, "चहाची पावडर हाय न्हवं? तिला आल्या आल्या चहा लागतो."

"आहे," मी म्हटलं.

घर आलं. दाराला मीच सकाळी घातलेलं कुलूप होतं. आबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. दारावर थाप मारली.

"सिंधे! ए सिंधे, दार उघड. मी आलोय."

मी त्यांच्या मागं पायरीखाली उभी होते, किल्ली हातात. त्यांनी पुन्हा हाक मारली. मला हवी होती तीच हाक, तेच नाव, लहानपणी मारायचे तशीच.

"ओ, आबा," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. दाराला कान लावून क्षणभर थांबले, आणि तसेच, दाराकडे तोंड करून, हसत मला म्हणाले, "बगा बाई, आत हाय."